व्हिक्टोरियाकालीन ब्रिटिश सेनापतींची मोहीम कशी अभ्यासावी

राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीत, म्हणजे 1837 ते 1901 या काळात, ब्रिटिश फौज आशिया-आफ्रिकेत कुठे ना कुठे जवळजवळ अखंड लढत होती. त्या लढायांचा जो इतिहास आपल्यापर्यंत पोचला आहे, तो बराचसा त्या फौजांच्या सेनापतींनी स्वतः लिहिलेला किंवा त्यांच्या कागदांवरून रचलेला आहे. त्यामुळे अशी एखादी मोहीम अभ्यासायला घेतलेला वाचक नकळत सेनापतीच्या घोड्यावर बसतो आणि त्याला दिसले तेवढेच पाहतो. हे टाळायचे असेल तर अभ्यासाचा क्रम उलटा लावावा लागतो. लढाई शेवटी ठेवावी आणि रसद, जनावरे, हमाल, पगार व कर्ज यांपासून सुरुवात करावी. सेनापतीचा खलिता त्यानंतरच उघडावा. हा क्रम प्रत्यक्ष कसा पाळायचा, ते येथे एका मोहिमेच्या आधाराने सांगतो.

मोहीम निवडताना मोठी निवडू नये. 1857-58 चा उठाव किंवा 1899 मध्ये सुरू झालेले बोअर युद्ध हे विषय एकट्या अभ्यासकाला न पेलणारे आहेत. आरंभ, शेवट आणि सेनापती स्पष्ट असलेली, वर्षाच्या आत आटोपलेली मोहीम घ्यावी. मराठी वाचकाने 1867-68 ची ॲबिसिनियाची, म्हणजे आजच्या इथिओपियावरची स्वारी घ्यावी, असे मी आग्रहाने सुचवतो. ती मुंबईहून निघाली, तिचा सेनापती सर रॉबर्ट नेपियर हा मुंबई फौजेचा सरसेनापती होता, आणि तिच्यातले बहुसंख्य सैनिक हिंदी होते. असे असूनही आपल्याकडे तिची आठवण जवळजवळ उरलेली नाही.

प्रथम तिची हकीकत थोडक्यात लिहून काढावी. इथिओपियाचा सम्राट तेवोद्रोस दुसरा याने 1862 मध्ये राणी व्हिक्टोरियाला मैत्रीचे पत्र पाठवले. लंडनच्या परराष्ट्र खात्याने त्याला उत्तर दिले नाही. संतापलेल्या तेवोद्रोसने 1864 च्या आरंभी ब्रिटिश वकील (कॉन्सल) चार्ल्स कॅमेरॉन आणि इतर युरोपियनांना कैदेत टाकले. त्यांच्या सुटकेसाठी गेलेला होर्मुझ रस्सम हाही पुढे कैदी झाला. ऑगस्ट 1867 मध्ये स्वारीचा निर्णय झाला, जानेवारी 1868 मध्ये नेपियर तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावरील झुला येथे उतरला, 10 एप्रिलला अरोगेच्या पठारावर लढाई झाली आणि 13 एप्रिलला मगदलाचा डोंगरी किल्ला पडला. एवढा सांगाडा एका पानावर मावतो. यापुढचा अभ्यास म्हणजे या पानातल्या प्रत्येक वाक्याला ‘हे कोणाच्या जिवावर घडले’ हा प्रश्न विचारणे होय.

नावांचा घोळ आधी सोडवावा

या कामाचा लोक कंटाळा करतात, पण ते टाळले की पुढे सगळेच चुकते. त्या काळच्या ब्रिटिश फौजेत नेपियर आडनावाचे अनेक अधिकारी होते. 1843 मध्ये मियानीची लढाई जिंकून सिंध घेणारा चार्ल्स नेपियर वेगळा आणि मगदल्याचा रॉबर्ट नेपियर वेगळा. किताब मिळाला की माणसाचे नावच बदलते: झाशी घेणारा ह्यू रोझ नंतरच्या कागदांत लॉर्ड स्ट्रॅथनेर्न म्हणून येतो, आणि झुलू युद्धातला लॉर्ड चेम्सफर्ड 1878 पर्यंत फ्रेडरिक थेसिगर असतो. पलटणींचीही तीच गत. 66 वी पायदळ पलटण 1881 नंतर बर्कशायर रेजिमेंटमध्ये सापडते, तर मुंबईची 30 वी देशी पलटण, म्हणजे जेकब्ज रायफल्स, 1903 च्या नव्या क्रमांकांनंतर 130 वी झाली. एका वहीत प्रत्येक व्यक्तीची आणि पलटणीची सगळी नावे, ती बदलल्याच्या वर्षांसह, लिहून ठेवावीत. स्थळांबाबतही तसेच करावे, कारण आजच्या नकाशावर मगदला हे नाव शोधून सापडत नाही. तेथील गावाला आता अंबा मरियम म्हणतात.

जनावरे मोजावीत

आता खरा अभ्यास सुरू होतो, आणि येथे वेळ देताना हात आखडता घेऊ नये. नेपियरच्या फौजेत सुमारे 13,000 लढाऊ शिपाई होते; त्यांपैकी साधारण 4,000 युरोपियन आणि बाकीचे हिंदी. त्यांच्याबरोबर दुप्पट संख्येने बाजारबुणगे होते, म्हणजे मोतद्दार, हमाल, भिस्ती, स्वयंपाकी आणि डोलीवाले. जनावरांची संख्या 40,000 च्या आसपास होती: खेचरे, उंट, बैल, घोडे आणि हिंदुस्थानातून जहाजांवर चढवून नेलेले 44 हत्ती. हे हत्ती जड तोफा आणि उखळी तोफा वाहण्यासाठी होते.

हे आकडे नुसते टिपून थांबू नये. किनाऱ्यापासून मगदला सुमारे 400 मैल, म्हणजे 640 किलोमीटर, आणि वाट डोंगरातून चढणारी. ओझ्याचे खेचर रोज स्वतःही खाते. म्हणून वाट जितकी लांब, तितका त्याने वाहिलेल्या दाण्याचा मोठा वाटा त्याच्याच पोटात जातो. कागदावर हा हिशेब एकदा मांडून पाहावा: खेचराच्या पाठीवरचे ओझे, त्याची रोजची चंदी, दिवसाची मजल आणि परतीचा प्रवास. नेपियरला तीन महिने का लागले आणि शेवटच्या टप्प्यात त्याने तंबू व सामान का कमी केले, हे त्या आकडेमोडीतून जसे समजते तसे दहा पुस्तके वाचून समजत नाही.

झुल्याच्या किनाऱ्यावर जे घडले, त्याकडे मुद्दाम लक्ष द्यावे. तेथे गोडे पाणी नव्हते; समुद्राचे पाणी आटवून, वाफेचे पाणी करून माणसांना आणि जनावरांना पाजावे लागे. भूमध्य समुद्राकडच्या बाजारांतून घाईने खरेदी केलेली खेचरे मोरखीविना आणि पुरेशा मोतद्दारांविना उतरली. ती तहानेने आणि रोगाने मोठ्या संख्येने मेली. धक्के बांधले गेले, आणि झुल्यापासून कुमायलीपर्यंत सुमारे 20 किलोमीटरची आगगाडीची वाट टाकली गेली. तिचे रूळ मुंबईहून आले होते आणि ती बांधणारे हातही हिंदी होते. स्थानिक लोक मारिया थेरेसाच्या चित्राचे, 1780 साल कोरलेले चांदीचे थेलरच घेत. इंग्रजी पौंडाला तेथे कोणी विचारत नसे. म्हणून व्हिएन्नाच्या टांकसाळीतून ते मुद्दाम पाडून आणवावे लागले. धान्य आणि वैरण विकत घेऊन, रोख पैसे मोजून चालणारी फौज आणि लुटीवर पोट भरणारी फौज यांच्या वाटेवरच्या गावांना येणारा अनुभव वेगळा असतो. नेपियरच्या यशातला मोठा भाग या चांदीच्या नाण्यांचा होता, असे माझे मत आहे.

हीच पद्धत इतर मोहिमांना लावून पाहावी. 1873-74 मध्ये सर गार्नेट वुल्झलीने पश्चिम आफ्रिकेतील अशांती राज्यावर स्वारी केली. रोगराईचा मोसम सुरू होण्याआधी गोऱ्या पलटणी परत जहाजावर चढल्या पाहिजेत, या एका अटीभोवती तिचे सारे वेळापत्रक रचले होते. अशांतींची राजधानी कुमासी जाळून तो लगेच मागे फिरला, याचे कारण त्या वेळापत्रकात आहे.

खलिता वाचण्याची रीत

लढाई झाली की सेनापती वरिष्ठांना खलिता लिहीत असे आणि तो लंडन गॅझेट या सरकारी राजपत्रात छापला जाई. बढती, पदके, किताब आणि पार्लमेंटचे आभार याच कागदावर अवलंबून असत. म्हणून तो साक्षीदाराची जबानी म्हणून न वाचता पक्षकाराचे निवेदन म्हणून वाचावा. वाचताना तीन गोष्टी वेगळ्या काढाव्यात. क्रियापदांना कर्ता आहे का, हे पाहावे. ‘छावणीची तटबंदी झाली नाही’ असे वाक्य आले की ती न करण्याचा निर्णय कोणाचा होता, हे शोधावे. दोष कोणावर ठेवला आहे आणि तो माणूस उत्तर द्यायला जिवंत होता का, हे पाहावे. शिवाय नावे कोणाची आली आहेत आणि कोणाची फक्त संख्या आली आहे, हे मोजावे.

पहिल्या दोन कसोट्यांसाठी झुलू युद्धातल्या, दक्षिण आफ्रिकेतील इसांडलवानापेक्षा चांगले उदाहरण नाही. 22 जानेवारी 1879 रोजी लॉर्ड चेम्सफर्ड फौजेची विभागणी करून जवळजवळ निम्मी फौज घेऊन बाहेर पडला. मागे राहिलेल्या छावणीभोवती गाड्यांचा कोट केलेला नव्हता. सुमारे 20,000 झुलू योद्ध्यांनी ती छावणी बुडवली आणि ब्रिटिश बाजूचे तेराशेच्या आसपास लोक मारले गेले. त्यांत आफ्रिकन साथीदारांची संख्या मोठी होती. नंतरच्या कागदोपत्री दोषाचा मोठा भार छावणीतील वरिष्ठ अधिकारी कर्नल डर्नफर्ड याच्यावर टाकला गेला. डर्नफर्ड त्याच मैदानात पडला होता. त्याच रात्री जवळच्या रॉर्क्स ड्रिफ्टच्या ठाण्याचा बचाव झाला आणि त्यासाठी 11 व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले. तो बचाव शौर्याचा होता, यात शंका नाही. पण त्या पदकांच्या बातमीने शेजारच्या पराभवावर किती पडदा पडला, हेही अभ्यासकाने तारखा शेजारीशेजारी ठेवून पाहावे.

अरोगेच्या लढाईला तिसरी कसोटी लावावी. ब्रिटिश बाजूचे सुमारे 20 जखमी, त्यांपैकी 2 पुढे दगावले. समोरचे सुमारे 700 ठार आणि त्याहून अधिक जखमी. मागून काडतूस भरण्याची स्नायडर बंदूक, डोंगरी तोफा आणि अग्निबाण यांच्यासमोर भाले, तलवारी आणि जुन्या बंदुका होत्या. इतक्या विषम आकड्यांच्या चकमकीचे वर्णन ‘घनघोर युद्ध’ या शब्दांत आले तर तो शब्द आपल्या टिपणात जसाच्या तसा उतरवू नये. मगदल्याच्या दरवाजाशी तर रॉयल इंजिनियर्सचे पथक दरवाजा उडवण्याची दारू आणि शिड्या न घेताच पोचले होते. अशा गोष्टी खलित्यापेक्षा बातमीदारांच्या लेखनात आणि सैनिकांच्या पत्रांत अधिक मोकळेपणी सापडतात. या मोहिमेबरोबर अनेक बातमीदार होते. न्यूयॉर्क हेरल्डच्या हेन्री स्टॅन्लीची विजयवार्ता तर सरकारी खबरीच्या आधी लंडनला पोचली. खलिता, बातमी आणि खाजगी पत्र या तिन्हींत एकाच दिवसाचे वर्णन वाचावे आणि जेथे ती जुळत नाहीत तेथे खूण करावी.

खर्च कोणी सोसला

ॲबिसिनियाच्या मोहिमेचा खर्च आरंभीच्या अंदाजाच्या कितीतरी पट, जवळजवळ 90 लाख पौंडांपर्यंत गेला. मोहीम ब्रिटिश वकिलाच्या सुटकेसाठी होती आणि हिंदुस्थानचा तिच्याशी काही संबंध नव्हता. तरीही हिंदी पलटणींचा नेहमीचा पगार हिंदुस्थानच्या महसुलातूनच जात राहावा, असा ठराव पार्लमेंटने 1867 च्या नोव्हेंबरात केला. दादाभाई नौरोजींनी त्याच वर्षी लंडनमध्ये ईस्ट इंडिया असोसिएशनपुढे या खर्चावरच निबंध वाचला. ज्या मोहिमेचा अभ्यास कराल तिच्या बाबतीत हा प्रश्न विचारल्याखेरीज पुढे जाऊ नये: पार्लमेंटच्या निळ्या कव्हराच्या अहवालांत, ज्यांना ब्लू बुक म्हणतात, खर्चाचे तक्ते असतात, आणि सेनापतीच्या चरित्रात ते बहुधा नसतात.

समोरची बाजू

येथे अभ्यासकाची खरी परीक्षा आहे, कारण समोरच्या बाजूचे कागद थोडे, परक्या भाषेत आणि पुष्कळदा विजेत्यांनीच उचलून नेलेले असतात. तरीही ती बाजू कोरी ठेवू नये. तेवोद्रोसला केवळ वेडा जुलमी ठरवणे जितके चुकीचे, तितकेच त्याला निष्कलंक वीर ठरवणे चुकीचे. त्याने विखुरलेला देश एक करण्याचा प्रयत्न केला, तोफा ओतवून घेतल्या, रस्ते बांधले. आणि लढाईच्या आदल्याच दिवशी आपल्या कैदेतील शेकडो इथिओपियन कैद्यांना मारले. त्याचे राज्य तोवर मगदल्याभोवती आकसले होते. तिग्रेचा सरदार कस्साई याने नेपियरला आपल्या मुलखातून वाट दिली, रसद मिळू दिली, आणि परतताना नेपियरने त्याला तोफा व बंदुका दिल्या. हाच कस्साई 1872 मध्ये सम्राट योहान्नेस चौथा झाला. ‘13,000 माणसांनी एक साम्राज्य जिंकले’ या वाक्याच्या जागी ‘स्थानिक सत्ताधाऱ्यांनी वाट दिली म्हणून फौज पोचली’ हे वाक्य आले की मोहिमेचा अर्थच बदलतो.

समोरच्या बाजूचा एक साक्षीदार किती मोलाचा असतो, हे आपल्याला घरच्या उदाहरणावरून कळते. 1858 च्या एप्रिलमध्ये ह्यू रोझच्या फौजेने झाशी घेतली तेव्हा पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे शहरात अडकले होते. त्यांनी लिहून ठेवलेल्या हकीकतीत शहरातल्या कत्तलीचे, लुटीचे आणि लपून काढलेल्या दिवसांचे जे वर्णन आहे, ते रोझच्या खलित्याशेजारी ठेवून वाचावे. दोघेही एकाच शहराबद्दल लिहीत आहेत, यावर क्षणभर विश्वास बसत नाही. ॲबिसिनियाच्या नेपियरचेही मूळ त्याच मोहिमेत आहे. ग्वाल्हेर पडल्यावर जौरा-अलीपूर येथे तात्या टोप्यांचा पराभव करणारा अधिकारी तोच होता.

लुटीचा स्वतंत्र तक्ता करावा. मगदला पडल्यावर तेवोद्रोसने स्वतःवर पिस्तूल झाडून घेतले, कैदी आधीच सुटले होते, आणि तरी किल्ला लुटला व जाळला गेला. लूट वाहून नेण्यास 15 हत्ती आणि सुमारे 200 खेचरे लागली, आणि दलांता पठारावर तिचा लिलाव करून पैसे सैनिकांत वाटले. ब्रिटिश म्युझियमचा माणूस, रिचर्ड होम्स, फौजेबरोबर होता. शेकडो हस्तलिखिते लंडनला गेली. सात वर्षांचा राजपुत्र अलेमायेहू याला इंग्लंडला नेले, त्याची आई किनाऱ्याकडे जाताना वाटेतच वारली, आणि तो स्वतः 1879 मध्ये, 18 व्या वर्षी, मरण पावला. त्याला विंडसर येथे पुरले आहे. त्याचे अवशेष परत देण्याची मागणी 2023 मध्येही बकिंगहॅम राजवाड्याने नाकारली. मोहिमेची शेवटची तारीख कोणती मानायची, हे ठरवताना ही गोष्ट विसरू नये.

अधिकाऱ्यांची यादी पुढे न्यावी

माझ्या अनुभवात सर्वाधिक फळ देणारी युक्ती ही आहे. मोहिमेच्या स्टाफवरील अधिकाऱ्यांची यादी घ्यावी आणि प्रत्येकाचा पुढील वीस वर्षांचा माग काढावा. ॲबिसिनियाच्या मोहिमेत डेप्युटी ॲडज्युटंट जनरल होता थेसिगर, म्हणजे पुढचा चेम्सफर्ड. क्वार्टरमास्टर जनरल होता कर्नल फेअर. तोच पुढे बडोद्याचा रेसिडेंट झाला आणि त्याच्यावरील कथित विषप्रयोगाच्या प्रकरणात मल्हारराव गायकवाडांची गादी गेली. झुल्याच्या बंदरावर सामानाची व्यवस्था पाहणारा एक अधिकारी होता कानपूरला जन्मलेला फ्रेडरिक रॉबर्ट्स, आणि नेपियरचे अखेरचे खलिते लंडनला नेण्याचा मान त्याला मिळाला.

आता 1880 कडे यावे. 27 जुलै रोजी अफगाणिस्तानातील मैवंद येथे जनरल बरोजची सुमारे 2,500 माणसांची फौज अफगाण सरदार अयुब खानाने मोडली. तिच्यात 66 वी गोरी पलटण, मुंबईचे ग्रेनेडियर्स आणि जेकब्ज रायफल्स होत्या. माणसे भर उन्हात, पुरेशा पाण्याविना, तासन् तास तोफांच्या माऱ्याखाली उभी होती. डाव्या बगलेच्या तोफांचा दारूगोळा संपून त्या मागे गेल्या आणि त्या बाजूने फळी फुटली. हजाराच्या जवळपास माणसे मेली. त्यानंतर वेढ्यात सापडलेल्या कंदाहारच्या ब्रिटिश ठाण्याच्या मदतीला दोन सेना निघाल्या: काबूलहून रॉबर्ट्स आणि क्वेट्ट्याकडून फेअर. रॉबर्ट्स सुमारे 10,000 शिपायांनिशी 500 किलोमीटर चालून तीन आठवड्यांत पोचला आणि जगभर गाजला. अमीर अब्दुर रहमानशी समझोता झालेला असल्याने त्याच्या वाटेवर प्रतिकार झाला नाही, आणि काबूलची उत्तम जनावरे त्याला मिळाली होती. फेअर ओझ्याच्या जनावरांअभावी अडला आणि विसरला गेला. झुल्याच्या किनाऱ्यावर शिकलेला खेचरांचा धडा येथे पुन्हा उपयोगी पडतो.

मैवंदनंतर मुंबईच्या शिपायांच्या लढाऊपणाविषयी जो संशय बोलला जाऊ लागला, त्याला रॉबर्ट्स 1885 ते 1893 या काळात हिंदुस्थानचा सरसेनापती असताना धोरणाचे रूप आले. ‘लढाऊ जाती’ उत्तरेत असतात, असे त्याचे ठाम मत होते. मुंबई आणि मद्रास फौजांतील भरती आटली, 1890 च्या दशकाच्या आरंभी महारांची भरती बंद झाली, आणि दापोलीच्या निवृत्त सैनिकांत वावरणाऱ्या गोपाळ बाबा वलंगकरांनी 1894 मध्ये त्याविरुद्ध अर्ज तयार केला. मैवंदच्या डाव्या बगलेपासून कोकणातल्या घरापर्यंत ही साखळी कागदांवर दाखवता येते. रॉबर्ट्सने 1897 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणी वाचताना हा अर्ज शेजारी ठेवावा.

कागद कोठे पाहावेत

लंडन गॅझेटचे जुने अंक आणि पार्लमेंटमधील चर्चा घरबसल्या वाचता येतात. ॲबिसिनियाच्या मोहिमेचा सरकारने तयार करवलेला सविस्तर वृत्तांत 1870 मध्ये छापला गेला. त्याचे तक्ते मजकुराइतकेच बारकाईने पाहावेत. मुंबई सरकारच्या लष्करी खात्याचा पत्रव्यवहार महाराष्ट्राच्या पुराभिलेखागारात पाहावा. तेथे जाण्याआधी साल, खाते आणि विषय नक्की करावा, नाहीतर दिवस वाया जातात. कुलाब्याचे अफगाण चर्च, जे पहिल्या अफगाण युद्धातील मृतांच्या स्मरणार्थ बांधून 1858 मध्ये पवित्र केले गेले, ते जरूर पाहावे आणि भिंतीवरच्या पाट्यांवर कोणाची नावे आहेत व कोणाची नाहीत, हे वहीत टिपावे. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या युद्धसन्मानांत ॲबिसिनियाचे नाव आहे. ज्यांच्या घरी त्या पलटणीतल्या खापरपणजोबांचे पदक असेल, त्यांनी पदकाच्या मागे कोरलेले नाव आणि पलटण वाचून तेथूनच सुरुवात करावी. या मोहिमेच्या पदकाच्या मागील बाजूवर, मध्यभागी, शिपायाचे नाव उमटवलेले असते.